शापित नव्हती ती, कामात होती

१९७० साली सत्तावीसाव्या वर्षी गेलेल्या अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनवर पिक्चर येणार ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पस्तिशीत होते, आता माझी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागलीये आणि पिक्चर अजून आलेला नाही. मधल्या काळात नावं किती आली बघा, रेने झेलवेगर करणार, गायिका पिंक करणार, झोई डेशनेल करणार, मग २०१० मध्ये एमी अ‍ॅडम्स, मग नीना अ‍ॅरिअँडा, मिशेल विल्यम्स, आणि २०२४ मध्ये शेलीन वुडली. दरवेळी आम्ही चार जुन्या मैत्रिणी एकमेकींना फोन करतो आणि दरवेळी तेच बोलणं, हिचे केस तसे होतील का, तो गोल चष्मा हिला शोभेल का, पिसांचा तो लांब गळपट्टा, हातभर बांगड्या, सदर्न कम्फर्ट या दारूची बाटली. आणि शेवटी कोणीतरी म्हणतंच, "शापित होती गं बिचारी."

मला या शब्दाबद्दलच बोलायचंय. मराठीत ही सवय जुनी आहे, लवकर गेलेला कुठलाही कलावंत आपण शापित गंधर्व करून टाकतो, नाहीतर शापित यक्ष. ऐकायला छान वाटतं, त्यात मायाही असते, मी स्वतः वर्षानुवर्षं हा शब्द वापरलाय. पण शापित म्हटलं की त्या माणसाच्या मरणाला कारणच उरत नाही, शाप होता, तो भोवला, संपला विषय. मग ती काय शिकली, कोणाकडून शिकली, किती घासलं, कुठे आपटली, तिच्या जाण्यावर पैसे कोणी कमावले, त्या रात्री खोलीत दुसरं कोणी का नव्हतं, हे विचारायची गरजच पडत नाही. आणि सिनेमावाल्यांना तर हा शब्द फारच सोयीचा, कारण शाप असला की गोष्ट आपोआप उताराला लागते, पहिल्या सीनपासून सगळं शेवटाकडे घरंगळत जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जॅनिसवरचा पिक्चर शापाभोवती बांधणार असतील तर तो आणखी वीस वर्षं नाही आला तरी चालेल. आणि हे मी तो पिक्चर अगदी मनापासून बघायचाय म्हणून म्हणतेय.

माझा मावसभाऊ, आमचा अप्पादादा, मर्चंट नेव्हीत होता, १९८८ साली त्याने एक कॅसेट आणली, त्यावर नाव इंग्रजीत पेनने लिहिलेलं. मी एकोणीस वर्षांची. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा कारण तिथेच एक प्लग धड होता. गाणं लागलं आणि आई पोळ्या लाटता लाटता थांबली, तिला इंग्रजी येत नव्हतं फारसं, ती म्हणाली, "अगं हिला कोणीतरी जवळ घ्या." त्या दिवसापासून मी या बाईची आहे. आईचं ते वाक्य मी खूप वर्षं जॅनिसच्या दुःखाचा पुरावा म्हणून लोकांना सांगत आले, बघा, भाषा न कळणाऱ्या बाईलाही कळलं की ही तुटलेली आहे. पुढे मी स्वतः थोडंफार गाणं शिकले, आवाज लावायला काय लागतं ते कळलं, तेव्हा लक्षात आलं की आईला तसं वाटावं हे जॅनिसनं करून दाखवलं होतं. ते तिचं काम होतं आणि ते तिला येत होतं.

आता आधी काय झालंय ते बघा म्हणजे मला भीती का वाटते ते कळेल.

१९७९ साली 'द रोझ' आला, बेट मिडलरचा. तो मुळात जॅनिसवरच करायचा होता, स्क्रिप्टचं नावही 'पर्ल', म्हणजे जॅनिसचं टोपणनाव, होतं, पण घरच्यांनी हक्क दिले नाहीत म्हणून नाव बदलून काल्पनिक गायिका केली. मिडलर त्यात कमाल आहे, स्वतः गायलीये, ऑस्करचं नामांकन मिळालं तिला, ते योग्यच होतं. पण शेवट बघा. ही रोझ आपल्या गावी परत येते, हजारो लोकांसमोर स्टेजवर उभी राहते आणि गाता गाता कोसळून मरते. आता खरं काय झालं होतं? जॅनिस ऑगस्ट १९७० मध्ये पोर्ट आर्थरला गेली होती खरी, शाळेच्या बॅचच्या दहा वर्षांच्या गेट-टुगेदरला. तिथे कॉन्सर्ट नव्हती. पत्रकारांनी तिला शाळेतल्या दिवसांबद्दल विचारलं आणि ती एरवीची बिनधास्त बाई एकदम अवघडली, ते फुटेज आहे, बघवत नाही. ज्या गावाने तिला वेडी म्हटलं, काळ्यांच्या बाजूने बोलते म्हणून शिव्या घातल्या, त्या गावात ती सत्तावीस वर्षांची, देशभर नाव झालेली, आणि शाळेचा विषय निघाला की परत तीच मुलगी. मरणापेक्षा कितीतरी जास्त सांगणारी गोष्ट आहे ही. पण पिक्चरला स्टेजवरचं मरण हवं होतं, म्हणून तेच घेतलं.

मग १९९१ चा 'द डोअर्स', ऑलिव्हर स्टोनचा, त्याच नावाच्या बँडचा गायक जिम मॉरिसन याच्यावर. वॅल किल्मरने जवळपास सगळं स्वतः गायलं आणि ते इतकं जमलं की ओळखू येऊ नये. पण बँडचा कीबोर्ड वाजवणारा रे मांझारेक शेवटपर्यंत या पिक्चरवर चिडलेला होता, त्याचं म्हणणं असं की मला माहीत असलेला जिम यात नाहीच, तो हुशार होता, हसायचा, हसवायचा, यांनी फक्त दारुडा दाखवला. मांझारेक आणि मॉरिसन यूसीएलएच्या फिल्म स्कूलमध्ये शिकलेले, म्हणजे कॅमेरा काय करतो हे त्याला नीट कळत होतं. त्या पिक्चरमध्ये मॉरिसन लहानपणी वाळवंटात अपघात बघतो तिथपासून पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीतल्या थडग्यापर्यंत एकच सरळ रेघ आहे. दोन तास वीस मिनिटं तो मरत असतो. मॉरिसन प्रचंड वाचायचा, त्याच्या ओळी लोक आजही म्हणतात, त्या ओळी त्याने लिहिल्या कधी? पिक्चरमध्ये त्याला शांत बसून लिहायला फारसा वेळच नाही.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं उदाहरण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. २०१३ साली जॉन रिडलीने त्याच्यावर पिक्चर केला, आंद्रे बेंजामिनने काम केलं. हेंड्रिक्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या वारसांनी गाणी दिली नाहीत, म्हणजे जिमी हेंड्रिक्सवरचा पिक्चर आणि त्यात जिमी हेंड्रिक्सचं स्वतःचं एकही गाणं नाही. लोक हसले यावर. पण त्याने एक गोष्ट अशी केली की मला बसल्या जागी टाळी वाजवावीशी वाटली, तो पिक्चर १९६६-६७ या साधारण एका वर्षावर आहे, न्यूयॉर्कच्या एका क्लबात मागे उभा राहून वाजवणारा मुलगा लंडनला कसा गेला आणि तिथे कसा घडला एवढंच, आणि कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत फेस्टिव्हलला निघतो तिथे संपतो. मरण नाहीच. अख्ख्या पिक्चरभर तो एक माणूस आहे ज्याला पुढचं माहीत नाही. अर्थात त्याच पिक्चरने दुसरीकडे मोठी चूक केली, त्याची त्या काळातली मैत्रीण कॅथी एचिंगहॅम हिला तो मारतो असं दाखवलं आणि तिने स्वतः जाहीरपणे सांगितलं की असं कधी घडलंच नाही. जिवंत बाई सांगतेय की मला मारलं नाही आणि पडद्यावर मारतायत, कारण बिघडलेला रॉकस्टार म्हटला की त्याने हात उचललाच पाहिजे असं कोणाच्या तरी डोक्यात पक्कं बसलंय. हाही शापाचाच भाग.

आता जॅनिसच्या गोष्टीत काय काय आहे ते बघा, मी मुद्दाम मरण बाजूला ठेवून सांगते.

पोर्ट आर्थर हे टेक्ससमधलं तेल शुद्धीकरणाचं गाव, वडील टेक्साकोत इंजिनियर, घरात पुस्तकं, मुलीला चित्रकलेचा नाद. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत गेली तर तिथे कोणीतरी 'कॅम्पसवरचा सगळ्यात कुरूप पुरुष' या स्पर्धेत तिचं नाव घातलं, १९६२ ची गोष्ट. त्याच गावात केनेथ थ्रेडगिल नावाच्या माणसाचं जुन्या पेट्रोल पंपातलं बिअर बार होतं, तिथे ती ऑटोहार्प हे तारांचं वाद्य घेऊन गायची आणि तो म्हातारा तिच्या पाठीशी उभा राहिला, या माणसाला ती कधी विसरली नाही. १९६३ च्या सुरुवातीला चेट हेल्म्स या मित्राबरोबर लिफ्ट मागत मागत सॅन फ्रान्सिस्कोला. तिथे स्पीड या ड्रगच्या नादाने हाडांचा सापळा झाली, मित्रांनीच पैसे गोळा करून बसमध्ये बसवलं आणि घरी पाठवलं, १९६५ मध्ये.

आणि इथे ते वर्ष येतं जे मला पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त बघायचंय आणि जे कोणीच दाखवणार नाही अशी मला धास्ती आहे. जॅनिस जॉप्लिन घरी राहून जवळच्या ब्युमाँटला कॉलेजला जातेय, केसांचा अंबाडा घातलेला, अंगभर कपडे, दंडावरच्या खुणा झाकायला लांब बाह्या. लग्न ठरत होतं, ते मोडलं. सरळ मार्गाला लागायचं तिने अगदी मनापासून ठरवलं होतं, आणि मधूनच कुठेतरी गिटार घेऊन एकटी गायची. आपल्यापैकी कितीतरी बायकांनी असं एक वर्ष काढलेलं असतं. अंगातली ऊर्मी डब्यात घालून झाकण लावायचं आणि घरच्यांना बरं वाटावं म्हणून अंबाडा घालायचा. मी काढलंय. पुढे जून १९६६ मध्ये चेट हेल्म्सने निरोप पाठवला की एका बँडला गायिका हवीये आणि ती गेली, न सांगता, आणि मग आईवडिलांना पत्र लिहिलं, भीतभीत, मी परत इथे आलेय, तुम्हाला वाईट वाटेल, पण मला करून बघायचंय. ही पत्रं छापलेली आहेत, बहिणीने, लॉरा जॉप्लिनने, १९९२ साली पुस्तकात आणली, २०१५ च्या माहितीपटातही ती वाचली जातात. काय पत्रं आहेत ती! घरी आपलं नाव चांगलं व्हावं म्हणून धडपडणारी मुलगी आहे त्यात, पैसे किती मिळाले, कुठला ड्रेस शिवला, कुठल्या मासिकात फोटो आला, सगळं आईला सांगायचंय. शापित माणूस अशी पत्रं लिहीत नाही, नोकरीला नवीन लागलेली पोरगी लिहिते.

मग माँटेरे, जून १९६७. हा किस्सा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी, म्हणजे तिचा बँड, शनिवारी दुपारी वाजवून गेला आणि सगळे वेडे झाले, पण त्यांच्या मॅनेजरने शूटिंगला परवानगी दिली नव्हती, म्हणजे कॅमेरे बंद. पेनेबेकर तिथे डॉक्युमेंटरी करत होता. जॅनिसला पिक्चरमध्ये यायचंच होतं. खटपट झाली आणि रविवारी त्यांना परत स्टेजवर घेतलं, आणि तिने 'बॉल अँड चेन' परत गायलं, आणि आज आपण जे फुटेज बघतो, ज्यात समोर बसलेली गायिका कॅस इलियट थक्क होऊन तोंडाने नुसतं "वॉव" करते, ते ते दुसऱ्यांदा गायलेलं आहे. दुसऱ्यांदा! म्हणजे जे बघून आपण म्हणतो की ही काळीज फाडून गातेय, हिचा स्वतःवर ताबाच नाही, ते तिने एका दिवसाच्या अंतराने कॅमेऱ्यासाठी परत उभं केलेलं आहे. आपल्या संगीत नाटकाच्या लोकांना हे लगेच कळेल, रोजच्या प्रयोगाला तेच पद आणि रोज नव्याने डोळ्यात पाणी.

तसंच 'चीप थ्रिल्स' या अल्बमचं. १९६८ साली आठ आठवडे अमेरिकेत एक नंबरला होता, रॉबर्ट क्रंबचं ते व्यंगचित्रांचं कव्हर. ऐकताना वाटतं सगळं एखाद्या हॉलमध्ये, दंग्यात, एका दमात रेकॉर्ड झालंय. खरं तर बहुतेक गाणी स्टुडिओत झाली आणि गर्दीचा आवाज वरून चढवला, खरंखुरं लाइव्ह 'बॉल अँड चेन' तेवढं. 'समरटाइम'मध्ये सुरुवातीला दोन गिटारी जे विणतात ते सॅम अँड्र्यूने बाखच्या एका प्रील्यूडवरून घेतलेलं. हे नशेत पडलेल्या हिप्पींचं काम आहे का? बँड कच्चा होता, सुरात मागेपुढे व्हायचा हे मलाही ऐकू येतं, पण ती मंडळी मेहनत घेत होती आणि विचार करत होती.

आणि आपटणंही दाखवा की. डिसेंबर १९६८ मध्ये नवा बँड घेऊन ती मेम्फिसला गेली, स्टॅक्स-व्होल्ट या रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमात, जिथे समोर सगळे सोल हे काळ्यांचं संगीत ऐकणारे आणि आजूबाजूला ते संगीत जन्मापासून वाजवणारे लोक, आणि तिथे ती साफ पडली. बँडची धड तालीमही झालेली नव्हती. त्यानंतर चार महिन्यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तोच जवळजवळ सगळा बँड आणि लोक खुर्च्या सोडून उभे. या चार महिन्यांत काय झालं, हा एक अख्खा पिक्चर आहे. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवातलं तिचं गाणं तिला स्वतःलाच आवडलं नाही, त्या महोत्सवावरच्या १९७० च्या मूळ पिक्चरमध्ये ती नाहीच, १९९४ च्या लांब आवृत्तीत घातली. स्वतःचं काम वाईट झालं हे कळणं आणि ते लोकांना दाखवू नका म्हणणं, ही कारागिराची लक्षणं आहेत.

एक विषय मात्र पिक्चरवाले टाळतील आणि फॅनही टाळतात, तो म्हणजे ती जे गात होती ते आलं कुठून. 'बॉल अँड चेन' बिग मामा थॉर्नटनचं. 'पीस ऑफ माय हार्ट' आधी अर्मा फ्रँकलिनने गायलं, १९६७ मध्ये, प्रसिद्ध गायिका अरीथा फ्रँकलिनची बहीण. त्या काळ्या बायका, त्यांना त्याच गाण्यांवर असे हॉल आणि असे पैसे मिळाले नाहीत, आणि टेक्ससची गोरी मुलगी स्टार झाली. यात जॅनिसचा दोष किती आणि त्या देशाचा किती यावर वाद घालता येईल, पण ती स्वतः हे विसरली नव्हती एवढं नक्की. बेसी स्मिथ, ब्लूजची सम्राज्ञी म्हणायचे तिला, १९३७ मध्ये अपघातात गेली आणि फिलाडेल्फियाजवळ तिची कबर ३३ वर्षं बिनदगडाची होती. ऑगस्ट १९७० मध्ये तिथे दगड बसला, त्याचे पैसे दोघींनी दिले, एक हुआनिटा ग्रीन, जी लहानपणी बेसीच्या घरी काम करायची, आणि दुसरी जॅनिस. सगळं आयुष्य जिचं ऐकून गाणं शिकलो तिच्या नावाचा दगड. दिग्दर्शकाला हा सीन कसा करायचा ते कळलं नाही तर त्याने हा पिक्चर करूच नये.

आता मरणाकडे येते, कारण कोणी म्हणेल की बाई तुम्हाला व्यसन लपवायचंय. अजिबात नाही. मला उलट ते नीट दाखवायला हवंय, औषधाच्या दुकानातल्या माणसाने सांगावं तसं.

४ ऑक्टोबर १९७०, हॉलिवूडचं लँडमार्क मोटर हॉटेल, हेरॉइनचा ओव्हरडोस, अपघाती अशी नोंद झाली. मधले काही महिने तिने हेरॉइन सोडलं होतं, रेकॉर्डिंगच्या काळात परत सुरू झालं. आता यातलं विज्ञान साधं आहे आणि ते प्रत्येक घरात माहीत पाहिजे. माणूस काही काळ थांबला की शरीराची सहन करायची ताकद खाली येते, आणि मग जुन्या सवयीने जुना डोस घेतला की श्वास मंदावतो आणि थांबतो. त्यात बाजारातला माल, कधी पातळ कधी कडक, त्यावर लेबल नसतं. तिला मिळालेला माल नेहमीपेक्षा फार कडक होता असंच तेव्हापासून सांगितलं जातं. आणि ती खोलीत एकटी होती. नॅलॉक्सोन म्हणून औषध आहे, वेळेत दिलं तर थांबलेला श्वास परत आणतं, अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली १९७१ मध्ये. तिच्या मरणानंतरच्या वर्षी. आज ते नाकात मारायच्या स्प्रेमध्ये मिळतं आणि तिकडे फेंटानिल या फार कडक ड्रगच्या साथीत त्याने असंख्य लोक वाचलेत, आणि अजूनही लोक मरतायत ते बरेचसे असेच, मध्ये थांबून परत घेतलं म्हणून, माल कडक होता म्हणून, खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून. एखादी आई हा पिक्चर बघेल आणि तिला कळेल की सुधारून आलेला मुलगा जास्त धोक्यात असतो, तर त्या पिक्चरचे सगळे पैसे वसूल. पण शाप दाखवला तर तिला काय कळणार? की मोठ्या कलावंतांचं असंच होतं.

आणि ते २७ चं खूळ. रोलिंग स्टोन्स बँडचा ब्रायन जोन्स ३ जुलै १९६९, हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७०, त्यानंतर सोळा दिवसांनी जॅनिस, मग मॉरिसन ३ जुलै १९७१, म्हणजे जोन्सनंतर बरोबर दोन वर्षांनी, सगळे सत्तावीसचे. अंगावर काटा येतो हे खरं, माझ्याही यायचा. पण २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अभ्यास आला, १९५६ ते २००७ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरचा अल्बम दिलेले १,०४६ संगीतकार तपासले, आणि २७ व्या वर्षी काही वेगळं घडत नाही असं निघालं. निघालं ते असं की प्रसिद्ध संगीतकारांना विशी-तिशीच्या सगळ्याच वर्षांत इतरांपेक्षा दोन ते तीन पट जास्त धोका आहे. म्हणजे आकडा बिनकामाचा आणि धंदा धोक्याचा. दौरे, झोप नाही, पैसा हातात आणि माणसं भोवती पण जवळचं कोणी नाही, ही कामाच्या जागेची गोष्ट झाली. खाणकामगार तरुणपणी मेले तर आपण त्यांना शापित गंधर्व म्हणत नाही, खाणीत काय चाललंय ते विचारतो.

मेलेला स्टार विकला जातो हेही बोललं पाहिजे. 'पर्ल' अल्बम जानेवारी १९७१ मध्ये आला, नऊ आठवडे एक नंबरला, 'मी अँड बॉबी मगी' मार्चमध्ये एक नंबर. जिवंतपणी तिचं एकही गाणं एक नंबरला गेलं नव्हतं. तेव्हापासून शाप या गोष्टीला बाजारभाव आहे, पोस्टरला आहे, टी-शर्टला आहे, आणि आम्ही फॅन लोकच ते घेतो, माझ्या कपाटात दोन आहेत.

गाणार कोण हा प्रश्न राहतोच. आपल्याकडे २०२२ मध्ये 'मी वसंतराव' आला तेव्हा नातवाने, राहुल देशपांडेनेच वसंतरावांचं काम केलं आणि गाणंही स्वतःच गायलं, त्याने काय फरक पडला ते आपण थिएटरमध्ये बघितलंय, गळ्याच्या शिरा आणि सूर एकाच माणसाचे होते. जॅनिससाठी मला तेच हवंय. मूळ रेकॉर्ड लावून ओठ हलवलेले चालणार नाहीत, आणि हुबेहूब नक्कलही नको, तो आवाज दुसऱ्या कोणाला यायचा नाही. जी कोणी अभिनेत्री असेल तिचा स्वतःचा फाटका आवाज चालेल, पण तो तिने लावलेला असू दे, तालमीत चुकलेला, परत घेतलेला. केस आणि बांगड्यांचं नंतर बघू.

आणि पिक्चर संपवायचा कुठे, हे मी ठरवून ठेवलंय. सनसेट साउंड स्टुडिओ, गुरुवार, १ ऑक्टोबर १९७०. पॉल रॉथचाइल्ड निर्माता, हाच डोअर्सचाही निर्माता, आणि सगळ्यांच्या सांगण्यानुसार त्या काळात ती कामावर खूष होती, फुल टिल्ट बूगी हा पहिला बँड जो तिला खरोखर आपला वाटत होता. त्या दिवशी तिने 'मर्सिडीझ बेंझ' गायलं, एकटीने, वाद्यं काही नाहीत, नुसता आवाज आणि पायाचा ठेका, आणि गाणं संपल्यावर ती खुदकन हसते, ते हसू रेकॉर्डवर आहे. त्याच दिवसांत बीटल्सच्या जॉन लेननच्या वाढदिवसासाठी एक गमतीचा शुभेच्छांचा टेप केला. लेननचा वाढदिवस ९ ऑक्टोबरला, टेप त्याच्या हातात पडला तेव्हा ती गेलेली होती, पण गुरुवारी हे कोणालाच माहीत नव्हतं आणि पिक्चरलाही माहीत नसावं. हॉटेल नको, खोलीचं दार नको, तिच्या मुठीत सापडलेले ते साडेचार डॉलर तर नकोच, सिनेमावाल्यांचा त्यावर फार डोळा असणार. ती हसते आणि पडदा काळा.

मग नावं सुरू होऊ देत आणि नावांवर 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' लावा, पूर्ण. त्याचं संगीत शनिवारी तयार झालं होतं आणि रविवारी, ४ तारखेला, ती त्यावर गाणार होती. अल्बममध्ये ते तसंच आहे, ऑर्गन आहे, गिटार आहे, बँड जोरात वाजतोय आणि जिथे गाणं यायला हवं तिथे कोणी गात नाही. अडीच मिनिटांच्या आसपास आहे. ज्यांना माहितीये ते खुर्चीतून उठणार नाहीत, आणि ज्यांना माहीत नाही ते शेजारच्याला विचारतील की याला शब्द का नाहीत, आणि तो शेजारी त्यांना सांगेल.